९७५३०८६४२१ : ६१७४ ची दहा अंकी बहीण. खरंच खास, की नुसती गंमत?

खाडीकाठ (धागाकर्ता)

६१७४ आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत नाहीतर व्हॉट्सअॅपवर पाहिलेली असते. कुठलेही चार अंक घ्या (चारही सारखे नकोत), उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच. फार तर सात वेळा, की ६१७४ हजर. एकदा आली की हलत नाही. शोध द. रा. कापरेकर गुरुजींचा, जन्म १९०५, डहाणू. तेवढ्यावर आम्ही किनारपट्टीवाले कॉलर ताठ करतो.

पण धागा तिच्यावर नाही. हाच खेळ दहा अंकांवर खेळा. शून्य ते नऊ, प्रत्येक अंक एकदाच घेऊन हवी ती संख्या करा. लावा आणि वजा करा:

९८७६५४३२१० − ०१२३४५६७८९ = ९७५३०८६४२१

आता उत्तराकडे नीट बघा. त्यातही दहाच्या दहा अंक आहेत, प्रत्येक एकदाच. म्हणजे पुन्हा लावून वजा केलं तरी तीच येणार. माझ्या मते ही ६१७४ पेक्षा देखणी आहे आणि तिला कुणी विचारत नाही.

प्रश्न दोन. उत्तरात सगळे अंक परत येतात हा योगायोग आहे की त्यामागे कारण आहे? आणि या संख्येत आणखी काय काय दडलंय? मासेमारी बंदी चालू आहे, बाहेर धो धो पाऊस आहे, कुणालाच कुठे जायचं नाही. लिहा.

टिंबटिंब

पहिला! वाचतोय.

मालवणी_मिरची

माका गणित कळत नाय, पण वाचूक मजा येता. चालू ठेवा.

निवृत्त_गणित

खाडीकाठ, उत्साह स्तुत्य, पण इतकं भारावू नका. ६१७४ मध्ये गंमत ही की वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या संख्या शेवटी एकाच जागी येतात. तुमच्या खेळात वाटच नाही. दहाही अंक वेगळे असले की ते कसेही मांडा, लावल्यावर नेहमी ९८७६५४३२१० च मिळणार. मग वजाबाकीही एकच आणि उत्तरही एकच. अशा दहा अंकी संख्या १० क्रमगुणित (१० × ९ × ८ … × १) वजा ९ क्रमगुणित, म्हणजे ३२,६५,९२० आहेत (शून्याने सुरू होणाऱ्या वगळून). त्या सगळ्या एका पावलात तिथे पोचतात, कारण पहिल्याच पायरीवर त्यांच्यातला फरक पुसला जातो. यात चमत्कार कुठे?

खाडीकाठ

सर, पोचण्यात चमत्कार नाही हे मान्यच आहे. माझा प्रश्न पोचल्यानंतरचा आहे. उत्तरात एखादा अंक दोनदा आला असता आणि एखादा गळला असता, तर ती तिथे टिकली नसती. दहाही अंक परत का येतात, ते सांगा.

निवृत्त_गणित

हा प्रश्न बरोबर आहे. जेवून येतो.

सुरमई_हलवा

सर जेवून येईपर्यंत माझं अवांतर. ही संख्या नऊने सुरू होते आणि दहा अंकी आहे. म्हणजे मोबाईल नंबर म्हणूनही चालेल. लावून बघू का?

व्यवस्थापक

कृपया कुणीही लावू नये. तो कुणाचा तरी असेल आणि त्या बिचाऱ्याला कापरेकरांशी काही घेणंदेणं नसेल.

सुरमई_हलवा

बरं. पण गणित करू द्या. आपल्याकडे मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे दहाही अंक एकेकदा येणारे शक्य नंबर ४ × ९ क्रमगुणित = १४,५१,५२०. तुमचा तसला असेल तर तुम्ही एका वजाबाकीत ९७५३०८६४२१ वर.

केळशीची_वाळू

माझ्या नंबरात तीन सात आहेत. मी बाद.

ग्रहदशा

अंकांची बेरीज ४५. ४ + ५ = ९. नऊ हा मंगळाचा अंक. ही संख्या पृथ्वीवरच्या ऊर्जेशी जोडलेली आहे, म्हणूनच ती आपल्याकडे परत परत येते.

वर्गात_मागचा_बाक

ग्रहदशा, ० ते ९ ची बेरीज नेहमीच ४५ येणार. म्हणजे सरांनी सांगितलेल्या ३२,६५,९२० च्या ३२,६५,९२० संख्या मंगळाच्या. सगळ्यांना ९ ने भाग जातो, म्हणून त्यांतली एकही मूळ संख्या असू शकत नाही. एवढं मात्र तुमच्या मंगळामुळे फुकटात कळलं, आभार.

हर्णै_बंदर

:D :D

आमच्याकडे लिलावात मंगळ आणि शनी दोघेही असतात. गिऱ्हाईक म्हणजे मंगळ, तांडेल म्हणजे शनी.

कोडगा_कोडर

जेवणाच्या सुट्टीत चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. धाग्यात एक गैरसमज पसरायच्या बेतात आहे, तो आधीच थांबवतो. चार अंकी संख्या सगळ्या ६१७४ ला येतात, तशा दहा अंकी सगळ्या ९७५३०८६४२१ ला येत नाहीत. दहा अंकांत अशी न हलणारी ठिकाणं तीन आहेत:

६३३३१७६६६४
९७५३०८६४२१
९९७५०८४२०१

तिन्ही हाताने तपासून बघा. शिवाय काही संख्या या तिघींपैकी कुठेच थांबत नाहीत. उदाहरणार्थ ९९९९९००००० पासून सुरू करा. नवव्या पावलाला ६४३१०८८६५४ येते. पुढे:

६४३१०८८६५४ → ८७३२०८७६२२ → ८६५५२६४४३२ → ६४३१०८८६५४

आणि मग वरच्या ओळीतल्या या तीन संख्यांतच गोल गोल, कायमचं.

केळशीची_वाळू

मी कागदावर करून बघितलं. खरंच अडकले. शेवटी पेन ठेवलं.

आजोबा_अंजनवेल

न हलणाऱ्या तीनपैकी पहिलीकडे बघा रे पोरांनो. ६१७४ मध्ये ६ नंतर एक ३ घाला आणि ४ च्या आधी एक ६ घाला: ६३१७६४. ती सहा अंकांत स्थिर. पुन्हा एक ३ आणि एक ६ घाला: ६३३१७६६४. ती आठ अंकांत स्थिर. पुन्हा तेच: ६३३३१७६६६४, जी कोडर साहेबांनी दिली. असं कितीही वेळा करा, बिघडत नाही. म्हणजे ६१७४ ची खरी वंशावळ ही. धाग्याच्या शीर्षकातली बाई त्या घरची नव्हे. तिला फार तर सोयरी म्हणा.

खाडीकाठ

आजोबा, शीर्षक आता बदलता येत नाही. सोयरी तर सोयरी. देखणी आहे, त्यावर मी ठाम.

घाटावरचा

कोकणवाल्यांनो, कापरेकरांची नोकरी देवळालीच्या शाळेत झाली. १९३० ते १९६२. नाशिक जिल्हा. ६१७४ तिथेच सापडली. तुम्ही कशाला कॉलर ताठ करताय?

खाडीकाठ

जन्म डहाणूचा.

मालवणी_मिरची

डहाणू कोकणात कधीपास्ना? आमच्याकडे पनवेल मागे पडल्याबिगर कोकण सुरूच होत नाय.

डहाणू_चिकू

झालं सुरू. समुद्र आहे, खाडी आहे, मासळी आहे, सह्याद्रीच्या पश्चिमेला आहे. अजून काय हवं? फक्त हापूसऐवजी चिकू आहे म्हणून आम्हाला वाळीत टाकता का?

हर्णै_बंदर

मी मधला मार्ग काढतो. कापरेकरांचं शालेय शिक्षण ठाण्यात, कॉलेज पुण्याला फर्ग्युसन. तिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. आणि रँग्लर र. पु. परांजपे कुठले? मुर्डीचे. आमच्या हर्णैपासून रिक्षाने जाता येईल इतकं जवळ. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिले) झालेले. म्हणजे डहाणू वगळलं तरी हिशोब दापोली तालुक्यातून जुळतो. घाटावरचे, चहा घ्या.

घाटावरचा

घेतो. पण देवळाली आमचीच.

डोंबिवली_फास्ट

आणि आम्ही? डेम्लो संख्या विसरलात का? १, १२१, १२३२१... अशा वाढत १२३४५६७८९८७६५४३२१ पर्यंत. ही शेवटची म्हणजे ११११११११ च्या पुढे आणखी एक १ लावून (नऊ एक) त्याचा वर्ग. कापरेकरांना त्यांची कल्पना रेल्वे स्टेशनवर सुचली आणि नावही त्या स्टेशनावरूनच दिलं. ते स्टेशन डोंबिवली असं सांगतात. आमच्या स्टेशनवर आता फक्त चेंगराचेंगरी सुचते.

व्यवस्थापक

धागा पुन्हा संख्येकडे वळवावा ही विनंती.

वर्गात_मागचा_बाक

वळवतो. सर अजून जेवतायत वाटतं. खाडीकाठ यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून.

वजाबाकी उभी मांडा आणि उसने न घेता प्रत्येक घरातला वरच्या-खालच्या अंकाचा फरक लिहा. डावीकडून: ९, ७, ५, ३, १. मध्यरेषा ओलांडली की तेच आकडे वजा होऊन उलटे येतात: −१, −३, −५, −७, −९. म्हणजे सगळी वजाबाकी इतकीच उरते:

९७५३१००००० − १३५७९

डावीकडे ९७५३१, उजवीकडून वजा होणारे १३५७९, एक दुसऱ्याचं उलट.

आता उजव्या पाच घरांत वजाबाकी करायची तर डावीकडच्या शेवटच्या १ कडून उसना घ्यावा लागतो. तो १ होतो ०. म्हणून डावा अर्धा ९७५३०. उजवीकडे १,००,००० − १३,५७९ = ८६,४२१.

उजवीकडे नेमके सम अंकच का? एक लाखाऐवजी ९९,९९९ मधून वजा करून बघा: ८६४२०. नवातून विषम अंक गेला की सम उरतो. ९, ७, ५, ३, १ डावीकडे आणि त्यांचे नवातले जोडीदार ८, ६, ४, २, ० उजवीकडे, असे दहाही अंक आपोआप भरतात. मग ९९,९९९ आणि एक लाख यांतला तो एक उरतो. तो डावीकडच्या १ मधून जातो आणि उजवीकडच्या ० मध्ये येतो. एक झाला शून्य, शून्य झाला एक. बाकी कुणी हललं नाही आणि दहाही अंक जागेवर.

तेव्हा योगायोग नाही.

केळशीची_वाळू

वा! "एक झाला शून्य, शून्य झाला एक" इथे मी उठून उभी राहिले.

सुरमई_हलवा

+१. आमच्या मास्तरांनी उसना असा शिकवला असता तर मी आज हॉटेल चालवत नसतो. (असतोच म्हणा.)

निवृत्त_गणित

जेवण झालं, वामकुक्षीही झाली. मागच्या बाकाने छान लिहिलंय. मी म्हणालो होतो चमत्कार नाही, आणि या पोस्टमधून तेच दिसतं. ज्याचं कारण इतकं स्वच्छ सांगता येतं तो चमत्कार कसला?

आणखी एक पाऊल पुढे जा. या युक्तिवादात दहा या आकड्याचं काहीच विशेष नाही. फक्त तो सम आहे एवढंच लागतं. आठ-आधारी पद्धतीत, जिथे अंक ० ते ७ च असतात, तिथे ७६५४३२१० − ०१२३४५६७ = ७५३०६४२१. तोच साचा. चार-आधारी पद्धतीत ३२१० − ०१२३ = ३०२१. पुन्हा तोच. आधार विषम घेतलात तर मोडतो. नऊ-आधारी पद्धतीत मधल्या घरात फरक शून्य येतो, त्यालाही उसना द्यावा लागतो आणि उत्तर ८६४१८६४२१ येतं. ८, ६, ४ आणि १ दोनदा, तर ०, ३, ५ आणि ७ गायब.

तेव्हा तुमची देखणी बाई ही एका मोठ्या कुळातली एक. एकटी अद्वितीय वगैरे काही नाही.

खाडीकाठ

सर, तुम्ही तिला लहान करायला निघालात आणि मोठं कूळ देऊन बसलात. माझी काही तक्रार नाही.

आजोबा_अंजनवेल

विषमावरून आठवलं. आपल्या नेहमीच्या पद्धतीत शून्य वगळून नऊ अंक घ्या: ९८७६५४३२१ − १२३४५६७८९ = ८६४१९७५३२. इथेही १ ते ९ सगळे एकेकदा! घरं विषम असूनही जमलं, कारण मधल्या शून्य फरकाच्या घरात उसना देऊन ९ बसतो आणि त्याच्या डावीकडचा २ होतो १. डावीकडे ८, ६, ४, उजवीकडे ७, ५, ३ आणि शेवटी २. ही पण स्थिर. निवृत्त सरांनी यावर प्रकाश टाकावा.

निवृत्त_गणित

टाकलाय की तुम्हीच.

कोडगा_कोडर

दुसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही. अवयव काढले:

९७५३०८६४२१ = ३ × ३ × ३ × १३ × ३१ × ८,९६,३४१

शेवटचा ८,९६,३४१ मूळ आहे. एकूण विभाजक ३२. मध्ये १३ आणि ३१ एकमेकांची उलटी आहेत. त्यामागे काही कारण मला दिसलं नाही, पण नजरेला बरं वाटतं.

डहाणू_चिकू

हर्षद संख्या आहे का? म्हणजे अंकांच्या बेरजेने भाग जातो का? ती कल्पनाही कापरेकरांचीच. ६१७४ बाबत जातो: बेरीज १८, आणि ६१७४ ÷ १८ = ३४३. तेही सरळ ७ चा घन!

वर्गात_मागचा_बाक

नाही. बेरीज ४५, म्हणजे ५ ने भाग जायला हवा, आणि शेवटचा अंक १. संपलं. उलट ९८७६५४३२१० हर्षद आहे, भागाकार २१९४७८७३८. म्हणजे लावलेली मूळ मांडणी हर्षद, तिच्यातून निघालेली ही नाही.

डहाणू_चिकू

अरेरे. आणि स्वयंभू? कुठल्यातरी संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी बनतच नाही ती. २०, ३१, ४२, ५३ वगैरे.

कोडगा_कोडर

तीही नाही. तिला जनक सापडला: ९७५३०८६३६७. त्याच्या अंकांची बेरीज ५४. मिळवा: ९७५३०८६४२१.

मालवणी_मिरची

म्हणजे हर्षद नाय, स्वयंभू नाय, मूळ नाय, एकुलती एक नाय. बाकी दिसाक बरी. लग्नाच्या बाजारात असली स्थळां आमी खूप बघितली.

केळशीची_वाळू

मिरची :D

मला एक विचारायचंय. या सगळ्याचा उपयोग काय? भांडायला विचारत नाहीये. घरात विचारतात तेव्हा मला उत्तर देता येत नाही.

निवृत्त_गणित

व्यवहारात काहीही नाही. कापरेकरांनाही आयुष्यभर हेच ऐकावं लागलं. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात नोकरी नाही, शाळामास्तर माणूस. मोठे गणिती त्यांच्या कामाला पोरखेळ समजत. पुढे मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. तोवर निवृत्त होऊन १३ वर्षं झाली होती. मीही तरुणपणी त्यांना पोरखेळवालाच समजत असे. आजही समजतो. पण ३५ वर्षं वर्गात उभं राहिल्यावर पोरखेळाबद्दलचं मत बदललं. मुलांकडून शंभर वजाबाक्या करून घ्यायच्या तर त्यांना उत्तराची उत्सुकता हवी. ती पुस्तकातल्या गणितांत नसते आणि यात असते.

घाटावरचा

सर, याला टाळ्या. देवळालीकडून.

फणसाचा_गरा

उशिरा आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पाचवी ते सातवी. धागा पूर्ण वाचला (डहाणूचा वाद दोनदा). सोमवारी वर्गात करून बघणार आहे. पुठ्ठ्याचे दहा तुकडे, ० ते ९. एकेक मुलगा येऊन डोळे मिटून उचलणार, क्रमाने फळ्यावर लावणार. मग सगळ्यांनी उतरता-चढता क्रम लावून वजाबाकी. उत्तर मी आधीच कागदावर लिहून एका मुलीच्या दप्तरात ठेवणार.

दोन शंका. पहिला तुकडाच शून्याचा निघाला तर काय करायचं? आणि सातवीला कारण सांगू की नको?

वर्गात_मागचा_बाक

शून्य पहिलं आलं तरी चालेल, लावताना ते मागे जातंच. घोटाळा होतो तो चढत्या क्रमात. तिथे पोरं पुढचं शून्य सोडून देतात, नऊ आकडे डावीकडून लिहायला लागतात आणि सगळं एक घर सरकतं. शून्य लिहायलाच लावा.

निवृत्त_गणित

कारण पहिल्या दिवशी सांगू नका. दुसऱ्या दिवशी चार तुकडे द्या, ०, १, २, ३, आणि नेहमीच्याच पद्धतीने वजाबाकी करू द्या. ३२१० − ०१२३ = ३०८७. "काल सगळे अंक परत आले, आज ८ आणि ७ कुठून उपटले?" हा प्रश्न वर्गातूनच येईल. तो आला की उसन्याची गोष्ट सांगा.

फणसाचा_गरा

हे मस्त आहे. सहावीत एक पोरगा आहे, तो पहिल्याच दिवशी विचारेल. मग?

निवृत्त_गणित

मग त्याच्या हातात खडू द्या.